एकच भाव

आईच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. पहिली १९७१ ची, शेवटची १९९८ ची. वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत आम्ही राहत होतो आणि महिन्याची वीस तारीख उलटली की घरात पैशांचा विषय निघत नसे. या वह्यांच्या समासात प्रत्येक वस्तूपुढे एक अक्षर आहे: ‘भा.’ किंवा ‘ए.’ बरीच वर्षे मला त्याचा उलगडा झाला नव्हता. ‘भा.’ म्हणजे भाव केला, ‘ए.’ म्हणजे ज्या दुकानात ‘एकच भाव’ अशी पाटी होती तिथली खरेदी.

रेल्वेचा पूल ओलांडून ती लिंकिंग रोडला जाई, तेव्हाच्या नोंदी ‘भा.’च्या. १९८३ मधल्या माझ्या चपलांपुढे ‘सांगितले ६०, दिले २८’ असे लिहिले आहे. तीन ठेल्यांवर विचारून, एकदा पाठ फिरवून चालू लागल्यावर मिळालेला हा भाव. मी सोबत होतो आणि शरमेने खाली बघत होतो. ‘ए.’च्या नोंदींपुढे मात्र अशी कहाणी नाही. एका स्टीलच्या डब्यापुढे तिने नंतर पेन्सिलीने ‘दादरला ४ रु. कमी’ असे लिहिले आहे. तरी पुढच्या वर्षीही डबे त्याच दुकानातून आले. पाटीने स्वस्ताईचे वचन दिलेलेच नव्हते. वचन होते ते सगळ्यांना सारखा भाव देण्याचे. आपल्या मागून आलेल्या बाईला हाच डबा कमी पैशांत मिळणार नाही, एवढ्या खात्रीसाठी आई चार रुपये मोजायला तयार होती.

ठरावीक भाव ही व्यापाराची मूळ रीत नव्हे. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळू नये हाच त्यातला हेतू. उलट टोकाला, १६७३ मध्ये जपानच्या एडो शहरात मित्सुई घराण्याने कापडाचे दुकान काढले आणि रोखीने, घासाघीस न करता, एकाच भावाने विक्री सुरू केली. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांना तर एक किंमत सांगून दुसरी घेणे हे असत्य भाषण वाटे. पॅरिसच्या बाँ मार्शेत बुसिको यांनी १८५२ नंतर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली. भाव करता न येणारे गिऱ्हाईकही आता न घाबरता दुकानात शिरू लागले, हा त्यातला व्यापारी शहाणपणा.

मुंबईत या विश्वासाला वेगळे वळण लागले. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ उभा केला. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिने तर दुकानच काढून टाकले. कुटुंबांचे संघ करायचे, आधी यादी द्यायची, माल एकत्र आणून वाटून घ्यायचा. पाटी लावायला भिंतच नाही!

मग छापील किंमत आली. वेष्टनबंद मालाचे नियम १९७७ चे; पण सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती १९९० च्या दुरुस्तीने झाली. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ या शब्दांआड दुकानदार हवे तेवढे मागू शकत असे. ही किंमत म्हणजे छत होते, पण गिऱ्हाइकाने तिला खरी किंमत मानले आणि हेच व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडले. छत जितके उंच, तितकी त्याखालची ‘बचत’ मोठी. २००१ मध्ये ‘बिग बाजार’ आणि २००२ मध्ये पवईतले पहिले ‘डी-मार्ट’ उघडले, तोवर शेजारच्या दुकानाशी तुलना मागे पडून आकड्याची तुलना त्याच पुड्यावर छापलेल्या दुसऱ्या आकड्याशी होऊ लागली होती. फसव्या ‘सवलतीच्या किमती’ला कायद्याने १९८४ मध्येच अनुचित प्रथा ठरवले होते, पण छापलेले छत मुळातच फुगवलेले असेल तर त्याला हे कलम कसे लावायचे?

‘इतरत्र स्वस्त मिळाल्यास फरक परत’ हे त्याही पुढचे वचन. लंडनच्या जॉन लुईसने ते १९२५ ते २०२२ पाळले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले. स्टीव्हन सॅलप या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये दाखवले, की सगळीच दुकाने असे म्हणू लागली तर भाव उतरवण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. २००१ मध्ये जॉयदीप श्रीवास्तव आणि निकोलस लुरी यांच्या प्रयोगांत असे वचन देणारे दुकान लोकांना स्वस्त वाटले. आणि शोध घेणे कष्टाचे असेल तेव्हा लोकांनी शोध थांबवला. सोपे असेल तेव्हा उलट अधिक दुकाने पाहिली. मला यात आई दिसते: एका हाताला मी, दुसऱ्या हातात पिशवी, सहा वाजता पाणी येणार.

मी स्वतः वांद्र्यातल्या अशाच एका पाटीवर भाळून कुकर घेतला. पुढे दुसरीकडे तो स्वस्त दिसला. बिलामागे बारीक अक्षरांत अटी होत्या: तेच मॉडेल, ठरावीक अंतरातले दुकान, सात दिवस, छापील बिल. मी गेलोच नाही. फरक दीडशेचा होता.

१९९८ च्या वहीत ‘भा.’ फक्त भाजी आणि चपलांपुढे उरला आहे. बाकी पानभर नवे अक्षर आहे, ‘छा.’; छापील. त्यापुढे कुठेही चौकशीची नोंद नाही. एकाच ठिकाणी, पाहुण्यांसाठी आणलेल्या शीतपेयाच्या बाटलीपुढे, तिने लिहिले आहे: ‘छा., पण थंड करण्याचे २ रु. जास्त.’ खाली दोन रेघा मारल्या आहेत. ते दोन रुपये तिने दिले की भांडून वाचवले, हे बेरजेवरूनही कळत नाही. त्या पानाची बेरीज तिने केलेली नाही.