विलायती टपालाचा मक्ता

आठवडे बाजाराच्या वसुलीचा मक्ता कसा जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल. चावडीपुढे माणसे जमतात, बोली चढत जाते, आणि ज्याची बोली सर्वांत मोठी त्याच्या पदरात मक्ता पडतो. आता याच्या उलट एक मक्ता कल्पून पाहा. येथे मक्तेदार सरकारला पैसे देत नाही, सरकारच मक्तेदाराला देते. काम कोणते? तर सातासमुद्रापलीकडून पत्रांच्या थैल्या ठरल्या दिवशी आणून पोचवायच्या. इंग्रजी अमदानीत विलायती टपालाचे असे मक्ते दिले जात. कागदावर सह्या लंडनमध्ये होत, पण त्याचा धागा थेट आपल्या अहमदनगरपर्यंत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपर्यंत, आलेला होता.

12 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. त्या काळी येथून विलायतेला पत्र धाडायचे, तर ते शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जाई. जायला चार-पाच महिने, उत्तर यायला तितकेच. पत्र लिहिले तेव्हा पेरणी चालू असली, तर उत्तर हाती पडेपर्यंत पुढची पेरणी तोंडावर आलेली असे! 1831 मध्ये नगरला अमेरिकन मिशनचे ठाणे झाले. 1839 पासून सिंथिया फरार बाई येथे मुलींना शिकवीत होत्या. 1842 मध्ये नगरहूनच ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघू लागले. या साऱ्यांचा परमुलखाशी संबंध होता, आणि तो टपालाच्या थैलीवरच अवलंबून होता.

मग आगबोटी आल्या. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी निघाली आणि सुमारे महिन्याभरात सुएझला पोचली. पण तिची गंमत ऐका. साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी ती बांधलेली, आणि एडन तर अकरा दिवसांवर! तेव्हा जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. वाट सापडली खरी, पण खर्च पाहून लंडनचे कंपनी सरकार कुरकुरू लागले. टपाल लवकर हवे, पण पैसा कोणी घालायचा? पुढच्या साऱ्या वाटाघाटी या एका प्रश्नाभोवतीच फिरल्या.

विलायतेत एक खाजगी कंपनी पुढे आली. तिचे नाव पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच पी. अँड ओ. 1837 साली तिने स्पेन-पोर्तुगालच्या टपालाचा मक्ता घेतला, 1840 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियापर्यंतचा, आणि थोड्याच वर्षांत सुएझ ते कलकत्ता या वाटेचाही. मुंबई-सुएझ ही वाट मात्र ईस्ट इंडिया कंपनीने हातची सोडली नाही. खर्च जास्त, बोटी अपुऱ्या. एकदा तर एडनला आगबोट तयार नव्हती म्हणून टपाल शिडाच्या गलबतावर चढवले, आणि ते गलबत थैल्यांसह बुडाले. शेवटी 1854 साली हीही वाट पी. अँड ओ.कडे गेली. मोबदला ठरला वर्षाला 24,000 पौंड. ज्याच्या बोटी त्या वाटेवर आधीच फिरत होत्या, त्याला हे काम स्वस्तात परवडले.

त्याच 1854 साली आपल्याकडे अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. अर्ध्या आण्यात पत्र देशभर कोठेही जाऊ लागले. म्हणजे देशातले टपाल स्वस्त झाले, आणि समुद्रावरचे टपाल एका कंपनीच्या मुठीत गेले.

यानंतरचा मोठा करार 1867 चा. तो नीट समजून घ्या. मुदत बारा वर्षांची. सरकारने कंपनीला वर्षाला चार लाख पौंड द्यायचे. भागीदारांना शेकडा आठपेक्षा कमी नफा पडला, तर ही रक्कम पाच लाखांपर्यंत वाढवायची. आठपेक्षा जास्त पडला, तर जादा नफ्यातला चौथा हिस्सा कंपनीने सरकारला द्यायचा. पाऊस पडो न पडो, कंपनीचे पीक मात्र ठरलेले! याच कराराने दर आठवड्याला मुंबईला टपाल येऊ लागले. साऱ्या हिंदुस्थानचे टपाल मुंबईला उतरवून आगगाडीने वाटायचे ठरले. 1868 पासून बोटीवरच टपालाची निवड करणारे कारकून बसू लागले. नगरला दौंड-मनमाडची आगगाडी 1878 साली आली. तोवर इकडच्या थैल्यांना शेवटी सडकेचीच वाट होती.

करार कागदावर उतरला की तो माणसाला कसा बांधतो, तेही पाहा. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझचा कालवा खुला झाला. आता बोट विलायतेहून थेट मुंबईला येऊ शकत होती. पण करारात लिहिले होते की टपाल इजिप्तमधून आगगाडीने न्यायचे. झाले! बोट कालव्यातून जाई, आणि थैल्या अलेक्झांड्रियाला उतरून, गाडीत बसून, सुएझला पुन्हा बोटीवर चढत. वाट बदलायची तर मोबदला कमी करा, असे टपालखाते म्हणे. कंपनी काही सहजी कबूल होईना. 1874 साली कंपनीने कमी रक्कम पत्करली, तेव्हा कुठे जड टपालाला कालवा मोकळा झाला.

आता मुख्य प्रश्न. हे पैसे कोणाचे? विलायतेच्या तिजोरीचे तर होतेच, पण त्यातला एक वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. आणि त्या तिजोरीत शेतसारा होता, मिठावरचा कर होता. पारनेरचा किंवा पाथर्डीचा जो शेतकरी जन्मात विलायतेला पत्र लिहिणार नव्हता, त्याचाही पैसा त्यात होता. वाटाघाटीच्या मेजाशी मात्र त्याच्या बाजूने कोणी बसलेले नव्हते.

त्याचा परिणाम 1893 साली दिसला. मुंबईचे सूत चीन-जपानला जाई आणि पी. अँड ओ. त्यावर टनाला 19 रुपये भाडे घेई. जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी हात मिळवून, भाड्याच्या बोटी घेऊन आपली लाइन काढली आणि दर 12 रुपयांवर आणला. तेव्हा पी. अँड ओ.ने आपला दर दीड रुपयापर्यंत खाली ओढला. टपालाचा मोबदला घरात येत असल्यावर एवढा तोटा सोसायला काय हरकत? सरकारी पैशाच्या बळावर देशी धंदा मारला जातो, हीच टाटांची तक्रार होती. गिरणीवाले स्वस्त दराला भुलले आणि टाटांची लाइन लवकरच बंद पडली. पुढे 5 एप्रिल 1919 रोजी सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या कंपनीच्या उभारणीत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रभागी होते. आपण 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याची आठवण म्हणून.

आगबोटीच्या टपालाने जग जवळ आणले, हे नाकारण्याचे कारण नाही. वर्षाचे उत्तर महिना-दोन महिन्यांवर आले, ही लहान गोष्ट नव्हे. पण शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात हा धडा सांगताना मुलांना तीन प्रश्न जरूर विचारायला लावावेत. पैसा कोणाचा? लाभ कोणाचा? आणि ठरवताना मेजाशी कोण होते? 1950 साली प्रवरेकाठी लोणीला शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या हातांनी बदलले. मक्ता बाजाराचा असो की समुद्राचा, सही करण्याआधी हे तीन प्रश्न विचारणारा माणूस सहसा फसत नाही.