शिशाच्या बॅटरीचें वार्धक्य

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या रात्रीं ध्वनिलहरी ठाण्याची खाडी ओलांडून तळवली, घणसोली, गोठिवली, राबाडें या आगरी-कोळी गांवांवरून गेल्याच असतील. परंतु त्या ऐकावयास तेथें यंत्र नव्हतें, आणि यंत्र असतें तरी तें चालवावयास वीज नव्हती. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे १८८२ सालींच लागून गेले होते. खोपोलीस पाण्याच्या जोरावर निघालेली टाटांची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवूं लागली होती. खेड्यांचा क्रम मात्र फार मागचा. देश स्वतंत्र झाला तेव्हां वीज पोहोंचलेलीं खेडीं साऱ्या हिंदुस्थानांत दीड हजाराच्या आसपास होतीं.

अशा ठिकाणीं नभोवाणीचें यंत्र बॅटरीवर जगे. त्या काळच्या यंत्राला बॅटऱ्या दोन प्रकारच्या लागत. एक कोरडी, नव्वद ते एकशेंवीस व्होल्टांची. ती संपली कीं टाकून द्यावयाची. दुसरी शिशाची, दोन व्होल्टांची, यंत्रांतील व्हॉल्व्हची तार तापविणारी. ही संपत नसे, रिकामी होई. आणि जेथें वीज असेल तेथें नेऊन ती भरून आणावी लागे. ठाणें जिल्ह्यांतच, भिवंडीकडे, १९३३ सालीं खेडुतांसाठीं नभोवाणीचा प्रयोग झाला. पुढें पेशावरकडे व दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांतहि सार्वजनिक यंत्रें बसविण्यांत आलीं. यंत्र चावडीवर बसविणें सोपें होतें. बॅटरीची ये-जा संभाळणें कठीण. भरून आणलेली बॅटरी दोन दिवसांत गप्प झाली, तर दोष कोणाचा? भरणाराचा, कीं बॅटरीच्या वयाचा? या प्रश्नाचें उत्तर चुकलें कीं एक तर चांगली बॅटरी भंगारांत जाई, नाहीं तर मेलेल्या बॅटरीवर भरणावळ फुकट जाई, आणि सारें गांव मुकें राही तें निराळेंच.

प्रश्नाचें मूळ बॅटरीच्या जन्मांतच आहे. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे दोन पत्रे, ते एकमेकांस लागूं नयेत अशा बेतानें गुंडाळून, सौम्य गंधकाम्लांत बुडविले; वीज दिली कीं ती सांठे, मागितली कीं परत मिळे. १८८१ सालीं कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप दिला व सांठा पुष्कळच वाढविला. लेप धरून ठेवण्यास जाळी आली, आणि जाळीला ताठपणा यावा म्हणून शिशांत अँटिमनी आलें. वार्धक्याचें बीजहि येथेंच पडलें. धन पाटीची जाळी दिवसागणिक थोडी थोडी गंजते. लेप फुगतो, आक्रसतो, सैल होऊन तळाशीं गाळ होऊन बसतो. जाळींतून सुटलेलें अँटिमनी ऋण पाटीवर जाऊन बसतें, आणि मग बॅटरी भरतांना पाण्याचा वायु अधिक होऊं लागतो. म्हाताऱ्या बॅटरीला वरचेवर पाणी घालावें लागतें, त्याचें हें एक कारण.

ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनीं १८८२ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, वीज देतांना दोन्ही पाट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें व द्रवांतील अम्ल कमी होतें. हायड्रॉमीटर या कांचेच्या नळीचा उपयोग त्यावरच आधारलेला आहे. द्रवाचें विशिष्ट गुरुत्व १·२५ च्या आसपास असलें तर बॅटरी भरलेली; १·१५ च्या खालीं गेलें तर रिकामी. परंतु या नळीवर अनेकांनीं नको तितका विश्वास टाकला. मडकें काठोकाठ भरलें आहे हें दिसतें. त्याच्या तळाशीं किती गाळ आहे तें दिसत नाहीं. जुनी बॅटरी नळींत तरुण दिसूं शकते, आणि पहिल्याच प्रहरांत दम सोडते.

म्हणून खरी परीक्षा घड्याळाची. दहा तासांच्या हिशेबानें शंभर अँपियर-तास असें जिच्यावर लिहिलें आहे, ती पूर्ण भरलेली बॅटरी दहा अँपियरच्या प्रवाहावर, प्रत्येक घट १·८ व्होल्टांवर उतरेपर्यंत, दहा तास चालली पाहिजे. प्रवाह तोच ठेवावयाचा. कारण प्रवाह वाढविला तर तीच बॅटरी प्रमाणाबाहेर लवकर संपते, हें पॉयकर्ट यानें १८९७ सालीं मांडून ठेवलें आहे. दहाऐवजीं आठच तास निघाले, तर नवी बॅटरी मागविण्याची वेळ आली, असा दंडक मोठ्या विद्युत्‌केंद्रांत रूढ झाला. त्याचें कारण असें कीं, आठ तासांच्या खालची उतरण बहुधा फार वेगाची असते.

तरी घाईनें निकाल देऊं नये. अर्धवट भरून राहिलेल्या बॅटरीवर सल्फेटाचा कठीण थर चढतो व ती म्हातारी भासते. तिला मंद प्रवाहानें, गुरुत्व वाढावयाचें थांबेपर्यंत, भरून परीक्षा पुन्हां घेतली तर कांहीं वेळां ती सावरते. एकच घट दुबळा निघाला, तर माला नवी असेतों तो बदलावा. मुरलेल्या मालेंत नवा घट घालणें मात्र पैसे बुडविणें होय. त्याला जुन्यांच्याच संगतींत दिवस काढावे लागतात. दहा अंश सेल्सियस उष्णता वाढली कीं आयुष्य सुमारें निम्मे होतें, तेव्हां पत्र्याच्या छपराखालच्या बॅटरीनें छापील वर्षें भरावीं ही अपेक्षाच व्यर्थ. आणि उन्हावर बॅटरी भरणाऱ्या कोंकणांतील घराला आठ तासांचा दंडकहि अपुरा आहे. तेथें हिशेब धरावयाचा तो श्रावणाआधींच्या त्या आठवड्याचा, ज्यांत सूर्य दिसत नाहीं. परीक्षा वैशाखांत घ्यावी, बदल मृगाच्या आधीं करावा. दिवाबत्तीपुरती बॅटरी असेल तर एक पावसाळा रेटतां येतो. जेथें लशींचा शीतकपाट चालतो तेथें असा धोका पत्करूं नये.

तळवलीचा प्रश्न काळानें परस्पर सोडविला. १९७० सालीं सिडको आली, भातशेतांच्या जागीं नवी मुंबई उभी राहिली, विजेची तार दारोदार गेली. पण त्याच बंदराच्या पाण्यांत असलेल्या घारापुरीला समुद्राच्या तळावरून टाकलेल्या तारेनें वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें. तोंपर्यंत बेटावर संध्याकाळचे कांहीं तास डिझेलच्या जनित्रावर दिवे लागत.

बदललेली बॅटरी कोठें जाते, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. उघड्या भट्टींत शिसें वितळविणाराच्या मुलांच्या रक्तांत तें शिसें उतरतें, आणि ओतून दिलेलें अम्ल विहिरीच्या पाण्यापर्यंत जातें. भारत सरकारनें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ सालीं केले. २०२२ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम येऊन ती जबाबदारी बॅटरी बनविणारावर टाकण्यांत आली. नोंदलेल्या कारखान्यांत पोहोंचलेल्या बॅटरीचें बहुतेक सारें शिसें निघतें, आणि तें पुन्हां नव्या पाट्यांच्या जाळींत ओतलें जातें.