मित्रोपा करंडक : मध्य युरोपीय फुटबॉलचे अर्थकारण व राजकारण

१९२४ ते १९२६ या काळात ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया व हंगेरी येथे व्यावसायिक फुटबॉलचा आरंभ झाला. खेळाडूंच्या वेतनाचा भार केवळ देशांतर्गत सामन्यांच्या तिकीटविक्रीवर पेलणे क्लबांना कठीण होते. ऑस्ट्रियाचे ह्यूगो माइस्ल यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये सुरू झालेली मित्रोपा करंडक स्पर्धा ही मुख्यतः या अडचणीतून निघालेली वाट होय. (विलयास गेलेल्या हाब्सबर्ग साम्राज्यातील व्हिएन्ना, प्राग व बुडापेस्ट ही शहरे त्यानिमित्ताने पुन्हा जोडली गेली, हे लक्षणीय आहे.) पहिले विजेतेपद प्रागच्या स्पार्टाने मिळविले, १९३७ पर्यंतच्या अकरा स्पर्धांपैकी चार मात्र व्हिएन्नाच्या क्लबांनी जिंकल्या. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हेच क्लब स्पर्धेतून बाहेर पडले. १९४० चा अंतिम सामना युद्धामुळे झालाच नाही.