हरवलेला माणूस आणि शेवटचं पान



एनसीसीच्या पोस्टिंगवर भिलाईला आलो आणि स्मृति नगरात खोली घेतली. घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दोन घरं सोडून एक मराठी आजी राहतात, भेटून या. आजी शहाऐंशीच्या, माहेर सातारा जिल्ह्यातलं. यजमान साठीच्या दशकात पोलाद कारखान्यात लागले, निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. मी हवालदार आहे हे तीनदा सांगूनही त्या मला सुभेदारच म्हणतात. बढती फुकटची असली तरी कोण नाकारणार!

त्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक लोखंडी मांडणी आहे आणि तिच्यावर रहस्यकथा रचून ठेवल्या आहेत. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. काही पुस्तकं भाऊ नागपूरहून येताना आणायचा, काही भाड्याच्या वाचनालयांनी गाशा गुंडाळला तेव्हा किलोच्या भावानं घेतलेली. मी एक चाळायला घेतलं तर आजी म्हणाल्या, "आधी शेवटचं पान वाचा."

"मग मजा काय राहिली, आजी?"

"मजा तेव्हाच येते. माणूस घरी आला की नाही ते कळलं, की बाकीचं निवांत वाचता येतं."

मी हसलो. पण रात्री खोलीवर ते वाक्य पुन्हा आठवलं, कारण फौजी घरात राहिलेलं माणूसच असं बोलू शकतं. आणि मग एक प्रश्न पडला, ज्यासाठी हा लेख लिहितोय. आपल्याकडे रहस्यकथा ढिगानं आहेत, लढायांच्या कादंबऱ्या आहेत. पण माणूस आघाडीवर गेलेला आणि घर वाट बघतंय, त्या घराची गोष्ट आपल्या लोकप्रिय पुस्तकांत एवढी थोडी का?

इंग्रजांकडे ही दोन्ही पुस्तकं एकाच रॅकवर असतात. एका बाजूला महायुद्धातल्या कुटुंबांच्या जाडजूड कादंबऱ्या: मुलगा आघाडीवर, मुलगी दारूगोळ्याच्या कारखान्यात, आई रेशनच्या रांगेत. दुसऱ्या बाजूला हलक्याफुलक्या रहस्यकथा, ज्यांना ते 'कोझी' म्हणतात. लहान गाव, चहा, एक प्रेत आणि चौकस म्हातारी. रक्त फारसं सांडत नाही, शेवटी सगळं जागच्या जागी.

गंमत म्हणजे ही उबदार रहस्यकथासुद्धा युद्धातूनच आली आहे. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होत्या. विषांची माहिती तिथली. १९२० साली त्यांची पहिली कादंबरी आली, तिच्यातला पायरो हा बेल्जियमहून आलेला निर्वासित, आणि गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज आघाडीवरून जखमी होऊन परतलेला. त्याच्याही आधीचा डॉक्टर वॉटसन घ्या. शेरलॉक होम्सला भेटण्यापूर्वी तो अफगाणिस्तानात मेवंदच्या लढाईत गोळी खाऊन आलेला असतो. ही लढाई खरी आहे, २७ जुलै १८८०. वॉटसन काल्पनिक, पण त्या मैदानावर बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स आणि बॉम्बे सॅपर्सची एक कंपनी खरोखर होती, आणि तिथे आपला मोठा पराभव झाला. खडकीला सॅपर्समध्ये नोकरी केलेल्यांना हे सांगायला नको. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गुप्तहेराचा जोडीदार आमच्याच मुंबई फौजेच्या पराभवातून वाचलेला माणूस आहे.

मराठीत हा साचा आला तेव्हा जखम मात्र तिकडेच राहिली. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान. हजारांवर पुस्तकं लिहिली, गिनीज बुकात नोंद झाली. त्यांचा धनंजय होम्सचा तोंडवळा घेऊन आला, शिवाय झुंजार आणि काळापहाड. त्यांचा जोर सुरू झाला तो चाळीसच्या दशकात, म्हणजे ऐन महायुद्धात. मुंबईत तेव्हा दिवे झाकलेले, १९४३ पासून धान्य रेशनवर, कागदावर सरकारचं नियंत्रण. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट होऊन शहर हादरलं. अशा दिवसांत झुंजार आणि त्याची विजया दुष्टांच्या तिजोऱ्या फोडत होते. मी याला पळपुटेपणा म्हणणार नाही. बंकरमध्ये रात्री टॉर्चवर मी स्वतः झुंजार वाचला आहे. तिथे कुणाला युद्धावरची कादंबरी नको असते.

पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईकांनी तर कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले असे फौजी नायकच उभे केले. पण या अफसरांच्या घरी मनीऑर्डरची वाट बघणारं कुणी दिसत नाही. कॅप्टन दीपला सुट्टी नामंजूर झाली, असं एकदा तरी व्हायला हवं होतं! विनोदाच्या बाजूला रमेश मंत्रींनी जेम्स बाँडचा 'जनू बांडे' करून टाकला. आणि खरी आपल्या मातीतली उबदार रहस्यकथा म्हणाल तर माझ्या मते फास्टर फेणेच. फुरसुंगीचा सडपातळ पोरगा, सायकल, 'ट्टॉक', आणि चोर शेवटी पकडला जाणारच.

युद्धातल्या कुटुंबाचं काय? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. नाव रणांगण असलं तरी ती घडते बोटीवर, आणि तिच्यात वेदना आहे ती जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू मुलीची. मोठी कादंबरी आहे, पण साताऱ्याच्या फौजी घराची नाही. ते घर खेड्यात होतं आणि लिहिणारे बहुतेक पुण्यामुंबईत. अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. तिथे स्मारक आहे, पण एवढ्या घरांवर पिढ्यांची कादंबरी उभी राहिली असती. आपण ती भूक पेशवाईवर भागवली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ला आली, विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ला. कुटुंब, युद्ध, बायकांचं वाट बघणं, सगळं आपण दोनशे वर्षं मागे नेऊन वाचलं.

तसं ते मागे नेण्यातही चूक नाही, कारण घर आणि रहस्य यांची सगळ्यात मोठी मराठी गाठ पानिपतालाच पडली. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. ते पडले असं मानलं गेलं, अंत्यसंस्कारही झाले, पण शंका उरली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. मग भाऊ म्हणून एक माणूस उगवला. चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला आणि त्याला रत्नागिरीला कैदेत टाकलं. १७७६ मध्ये तिथून सुटून त्यानं कोकणातले किल्ले घेतले, माणसं त्याच्यामागे गेली, शेवटी पकडून त्याच वर्षी पुण्यात त्याला मारलं. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' नाटक लिहिलं. आपण तोतया हा शब्द हसत वापरतो. पण पंधरा वर्षांनंतरही लोक त्याच्यामागे गेले ते नुसते मूर्ख म्हणून नव्हे. प्रेत ओळखीचं नसलं की घराला शेवटचं पान मिळत नाही.

हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या घरी पण झाली होती तोतयाची चौकशी."

त्यांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत, म्हणजे आपल्या काली पाँचवीत होते. जून १९४२ मध्ये ही पलटण लिबियात तोब्रुकला होती. २० जूनला रोमेलनं आग्नेयेकडून हल्ला चढवला तो थेट ह्यांच्याच मोर्च्यावर. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. गावात इंग्रजी तार आली. ती वाचणारा एकच, शाळेतले मास्तर. त्यांनी दोनदा वाचली, घसा खाकरला आणि म्हणाले, "हरवला आहे, असं लिहिलंय."

आजींची आजी जात्यावर बसली होती. ती म्हणाली, "मेला असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग हरवलेलं सापडतं." आणि तिनं दळण पुढे चालू ठेवलं.

आजी तेव्हा चार वर्षांच्या. आईचं कुंकू पुसायचं की नाही यावर भावकीत दोन तट पडले. आजी म्हणतात, भांडणं इतकी झाली की रडायला कुणाला सवड मिळाली नाही. काही महिन्यांनी रेड क्रॉसचं छापील कार्ड आलं, इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून. खाली वडिलांची सही. भावकीतल्या एका काकाला तीही खोटी वाटली.

१९४५ मध्ये वडील परतले ते निम्मे होऊन, दाढी वाढलेली. त्यांच्या आईनं त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि विचारलं, गोठ्यातल्या म्हशीचं शिंग कशानं मोडलं? वडील म्हणाले, "मी मोडलं, आणि मार शंकरनं खाल्ला." शंकर म्हणजे तोच काका. अंगणभर लोक हसले आणि म्हातारी पहिल्यांदा रडली.

मला हे ऐकताना हसू येत होतं आणि दुसरं एक घर आठवत होतं. १९७१ च्या युद्धातले ५४ भारतीय जवान आणि अफसर सरकारी यादीत आजही बेपत्ता आहेत. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला फार काळ झालेला नव्हता. २००७ मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवायला नेलं, त्या पथकात त्याही होत्या. कुणीही सापडलं नाही. म्हशीच्या शिंगाचा प्रश्न विचारायलाही समोर कुणीतरी उभं राहावं लागतं.

आजींना हे नाव माहीत होतं. त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण रहस्यकथांच्याच मांडणीवर ठेवलेलं आहे. मी विचारलं, इथे का? त्या म्हणाल्या, "मग कुठे ठेवू? देवापाशी ठेवलं तर शेवट झाल्यासारखं वाटतं."

वडिलांचं रेड क्रॉसचं कार्डही त्यांच्याकडे आहे, एका अर्नाळकरात जपून ठेवलेलं. त्यावरचा पलटणीचा नंबर पुसट झालाय. त्यांच्या नोकरीच्या आणि कैदेच्या तारखा मिळाव्यात म्हणून मी मागच्या आठवड्यात आजींच्या सहीनं रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकला आहे. उत्तर आलं की इथे लिहीनच. तोवर सुट्टीत मुलीसाठी न्यायला आजींनी दोन फास्टर फेणे दिले आहेत. परत करायची ताकीद तेवढी सुभेदाराला मिळाली आहे.