मेलबर्नचे फाटक : १० फेब्रुवारी १९८१

धावफलकात त्या प्रसंगाची नोंद एका ओळीची आहे. गावसकर, पायचीत, गोलंदाज लिली, ७०. त्याखाली गडी बाद होण्याचा क्रम दिलेला असतो: पहिला १६५ वर, दुसरा १७६ वर. या दोन आकड्यांमध्ये अवघ्या ११ धावा आहेत. भारताचा कर्णधार पंचांचा निर्णय आणि प्रतिस्पर्ध्यांचे वागणे असह्य होऊन आपल्या साथीदारालाही मैदानाबाहेर घेऊन निघाला, ती घटना या अंतराच्या अगदी तोंडाशी घडली. कागदावर मात्र तिचा मागमूस नाही. म्हणून ती इतर साधनांवरून उभी करावी लागते आणि प्रत्येक साधन कुठवर भरवशाचे आहे हे तपासत जावे लागते.

आधी कागद काय सांगतो ते पाहू, कारण निदान तेवढे पक्के आहे. भारताच्या १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली ही तिसरी आणि शेवटची कसोटी. सिडनीत भारत एक डाव आणि ४ धावांनी हरला होता, ॲडलेडची कसोटी अनिर्णित राहिली होती. मेलबर्नमध्ये भारताने २३७ केल्या, त्यांतल्या ११४ एकट्या विश्वनाथच्या. ऑस्ट्रेलियाने ४१९ करून १८२ धावांची आघाडी घेतली. चौथ्या दिवशी गावसकर आणि चेतन चौहान यांची सलामीची भागी १६५ वर पोहोचली, तेव्हा ती आघाडी फिटण्यास १७ धावा उरल्या होत्या. गावसकरांच्या मालिकेतल्या आधीच्या पाच डावांची बेरीज ४८ आहे. संपूर्ण मालिकेत हात न लागलेला सूर त्या दिवशी प्रथमच सापडला होता. ७० या आकड्यामागे इतके सगळे आहे.

दुसरे साधन चित्रफीत. तिचे तुकडे आज कोणालाही पाहता येतात. एखाद्या स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्याने मोबाइल काढला तरी दोन मिनिटांत सापडतील. वाचकाने ती स्वतः पाहावी, कारण क्रम महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिली याचा चेंडू खाली राहून आत येतो, पॅडवर आदळतो. अपील होते. पंच रेक्स व्हाइटहेड बोट वर करतात. गावसकर हलत नाहीत. बॅट पॅडवर आपटून दाखवतात, म्हणजे चेंडू आधी बॅटला लागला असे सुचवतात. लिली पुढे येतो आणि बोटाने पॅड दाखवतो. मग गावसकर चालू लागतात. आणि इथे पुढची हालचाल आहे: निघालेले गावसकर मागे वळतात, चौहानपाशी येतात, त्यांना बरोबर चलण्यास सांगतात, हाताने पुढे ढकलतात. दोघे तंबूच्या दिशेने निघतात.

चेंडू खरोखर बॅटला लागला होता का? गावसकरांचे म्हणणे लागला होता. लिलीचे बोट सांगते की नाही. दोन्ही साक्षीदार हितसंबंधी आहेत आणि उपलब्ध चित्रीकरणाच्या कोनातून निकाल देता येत नाही. माझ्या मते तो द्यायची गरजही नाही. पंचांचा निर्णय चुकीचा असला तरी चुकीच्या निर्णयांनी बाद झालेले शेकडो फलंदाज निमूट परत गेले आहेत. खुद्द गावसकरही दोन पावले का होईना, निघाले होते. मग ते वळले का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

यावर त्यांच्याच दोन साक्षी आहेत, आणि त्या एकमेकींपासून काही वर्षांच्या अंतरावर आहेत. २०१४ मध्ये संजय मांजरेकरांशी बोलताना त्यांनी हे कृत्य आपली मोठी चूक होती असे सांगितले. कर्णधाराने असे वागायला नको होते, बाद असो वा नसो, याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. २०२०-२१ च्या मालिकेच्या काळात ऑस्ट्रेलियन वाहिनीवर बोलताना त्यांनी कारणाबद्दल सांगितले: लोकांना वाटते की पायचीतच्या निर्णयाने मी चिडलो, पण मी चौहानला ओलांडून चाललो असताना ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी शिवीगाळ केली, चालता हो म्हटले, म्हणून मी वळलो.

पहिल्या वाचनात या दोन साक्षी विसंगत वाटतात. नीट पाहिले तर त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिली सांगते, कृत्य योग्य होते का. दुसरी सांगते, ते घडले कसे. आता दुसरी साक्ष चित्रफितीशी ताडून पाहू. केवळ निर्णयाचा राग असता, तर चौहानला सोबत घेण्याचा विचार खेळपट्टीवर उभे असतानाच यायला हवा होता. चित्रात तो निघाल्यानंतर येतो. ती वळण्याची हालचाल उशिरा दिलेल्या साक्षीशी जुळते. इतके म्हणता येते. नेमके कोणते शब्द आणि कोणाच्या तोंडून, हे चित्रफितीतून सिद्ध होत नाही. समालोचकांचे आवाज स्पष्ट आहेत, खेळाडूंचे शब्द कळत नाहीत. चाळीस वर्षांनंतरची आठवण स्वतःला सोयीचा आकार घेते, हेही इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये. तरीही हालचाल आणि साक्ष यांचा मेळ बसतो तेव्हा त्या साक्षीचे वजन वाढते. शब्दांनी डिवचणे हे तत्कालीन कारण आणि निर्णय ही आधीची धग, अशी मांडणी मला सर्वाधिक संभाव्य वाटते.

आसपासची तारीखवार नोंद ही धग समजायला मदत करते. बरोबर नऊ दिवस आधी, १ फेब्रुवारी १९८१ ला, याच मैदानावर न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा असताना ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने, ग्रेग चॅपलने, आपल्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला लावला होता. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनीही त्याचा निषेध केला. म्हणजे नियमाच्या आत राहून खेळाचा विचका कसा होतो, याचा धडा त्या मैदानाला नुकताच मिळाला होता. लिलीपुरते बोलायचे तर धावफलकाची आकडेमोड आणखी एक गोष्ट उघड करते. या कसोटीपूर्वी त्याचे २४३ बळी होते. पहिल्या डावात चार मिळाले. गावसकर हा २४८ वा, म्हणजे रिची बेनो यांच्या ऑस्ट्रेलियन विक्रमाची बरोबरी करणारा बळी होता. वादाच्या त्या अपिलामागे हे गणितही होते, एवढे नोंदवून ठेवावे. हेतूचा पुरावा म्हणून ते वापरू नये. लिलीचा स्वभाव मात्र एका प्रसंगावर ठरत नाही: १९७९ च्या डिसेंबरात पर्थला ॲल्युमिनियमच्या बॅटवरून त्याने खेळ अडवला होता आणि याच १९८१ च्या नोव्हेंबरात पर्थलाच जावेद मियाँदादला लाथ मारून दोन एकदिवसीय सामन्यांची बंदी ओढवून घेतली.

भारतीय बाजूलाही पूर्वेतिहास होता. ३ नोव्हेंबर १९७८ ला पाकिस्तानातल्या साहिवालला सर्फराज नवाजचे उसळते चेंडू डोक्यावरून जात असताना पंच ते वाइड देईनात, तेव्हा कर्णधार बिशनसिंग बेदींनी विजय हाताशी असताना सामना सोडला होता. खेळपट्टीवर तेव्हा अंशुमान गायकवाड आणि विश्वनाथ होते. फलंदाजांना परत बोलावणे ही गोष्ट त्या पिढीला ऐकीव नव्हती, पाहिलेली होती.

मेलबर्नच्या मैदानाबद्दल थोडे विषयांतर आवश्यक आहे. हे क्रिकेटचे मैदान आहे तितकेच ऑस्ट्रेलियन फुटबॉलचेही आहे, आणि त्या फुटबॉलचा जन्म क्रिकेटपटूंच्या गरजेतून झाला. १० जुलै १८५८ ला टॉम विल्स या क्रिकेटपटूने एका वृत्तपत्रात पत्र लिहून हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर ढिले पडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढावा असे सुचवले. १७ मे १८५९ ला त्याने आणि सहकाऱ्यांनी नियम लिहिले. सह्यांचा तो हस्तलिखित कागद आजही याच मैदानाच्या संग्रहात आहे. दांडगाई किती चालेल हे त्यांनी अगदी स्पष्ट लिहिले: वेगात असलेल्या किंवा चेंडू हाती असलेल्या खेळाडूला ढकलणे आणि पाय अडकवून पाडणे चालेल, नडगीवर लाथा मारणे चालणार नाही. वर्षभरातच पाय अडकवणेही बंद केले. पुढे १९२४ पासून ब्राउनलो पदक सर्वोत्तम आणि सर्वांत स्वच्छ खेळाडूला दिले जाऊ लागले, आणि त्या हंगामात बंदीची शिक्षा झालेला खेळाडू त्याला अपात्र ठरतो. १९९७ मध्ये क्रिस ग्रँटला सर्वाधिक मते पडूनही पदक मिळाले नाही. चिथावणी, धक्काबुक्की, कुरापती त्या खेळात आजही भरपूर आहेत. पण धक्का कुठे संपतो आणि गुन्हा कुठे सुरू होतो, हे लिहून ठेवण्याची सवय तिथे पहिल्या वर्षापासून आहे. क्रिकेटने तोंडाच्या माराबद्दल ते काम दीर्घकाळ टाळले. खेळभावनेची प्रस्तावना नियमांना जोडली गेली ती २००० मध्ये. १९८० च्या संहितेत ४२ व्या नियमाने खेळ भावनेला धरून चालवण्याची जबाबदारी दोन्ही कर्णधारांवर टाकली होती. त्या दिवशी ते दोन कर्णधार होते ग्रेग चॅपल आणि सुनील गावसकर.

त्याच संहितेतला २१ वा नियम अधिक धोकादायक होता. खेळण्यास नकार देणारा संघ सामना गमावतो आणि पंच तो प्रतिस्पर्ध्याला बहाल करतात. म्हणजे चौहान सीमारेषा ओलांडून गेले असते आणि पुढचा फलंदाज आला नसता, तर भारत मालिका १-१ अशी बरोबरीत सोडवण्याऐवजी २-० असा हरण्याची पूर्ण शक्यता होती.

आता फाटक. इथे साधने पुन्हा दुभंगतात. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी आडवे आले आणि त्यांनी चौहानना परत फिरवले, याबद्दल सर्व वृत्तांतांत एकमत आहे. काही वृत्तांतांत त्यांच्यासोबत साहाय्यक व्यवस्थापक बापू नाडकर्णी होते, काहींत त्यांचा उल्लेख नाही. नाशिकचे नाडकर्णी, सलग २१ निर्धाव षटके टाकणारा गोलंदाज, दौऱ्यावर त्या पदावर होते हे नक्की. त्यामुळे ते खाली उतरले असणे मला सहज शक्य वाटते, पण एकटे दुराणी निर्विवाद आहेत. गावसकर आत गेले, दिलीप वेंगसरकर बाहेर आले, खेळ सुरू झाला.

आणि चौहान? जन्म बरेलीचा, वडील लष्करात, त्यांची बदली पुण्याला झाली म्हणून मुलगा वाडिया कॉलेजात आणि तिथून महाराष्ट्राच्या रणजी संघात. १९७५ ला दिल्लीला गेले, तरी क्रिकेट पुण्यातच घडलेले. या प्रसंगात त्यांची भूमिका आजवर सर्वांत कमी तपासली गेली आहे. कर्णधाराचा आदेश मोडणे त्यांना शक्य नव्हते. तो पाळला असता तर सामना जात होता. ते हळूहळू चालले, रेंगाळले, हे वृत्तांतांत येते. त्या रेंगाळण्यामुळे व्यवस्थापकाला जिने उतरून यायला सवड मिळाली. ते जाणूनबुजून होते की गोंधळून, हा तर्काचा भाग आहे. पण जो वेळ मिळाला तो चौहानच्या पावलांनी मिळवून दिला, हे अंतर आणि क्रम पाहता नाकारता येत नाही.

त्याची किंमतही त्यांनीच मोजली. ११ धावांनंतर ते लिलीच्याच गोलंदाजीवर यार्डलीच्या हाती झेल देऊन ८५ वर परतले. लिलीचा हा २४९ वा, विक्रम मोडणारा बळी. आदल्याच कसोटीत, ॲडलेडला, चौहान ९७ वर बाद झाले होते. ४० कसोटींत २०८४ धावा आणि एकही शतक नाही. एकाग्रता त्या फेऱ्यात मोडली असा तर्क केला जातो. मला तो पटतो, सिद्ध मात्र करता येत नाही.

पुढचे निर्विवाद आहे. भारत ३२४. ऑस्ट्रेलियासमोर १४३. चौथ्या दिवसअखेर ३ बाद २४. करसन घावरीने ग्रेग चॅपलला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केले. पाचव्या दिवशी मांडीच्या दुखापतीवर वेदनाशामक इंजेक्शन घेऊन आलेल्या कपिलने २८ धावांत ५ बळी घेतले, पायाचे हाड मोडलेले दिलीप दोशी गोलंदाजी करत राहिले. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ८३. भारत ५९ धावांनी विजयी आणि ऑस्ट्रेलियात मालिका न गमावण्याची ही पहिली वेळ.

या प्रकरणाची चौकशीची फाइल नाही, कारण सामनाधिकारी ही व्यवस्थाच आली १९९१ मध्ये. तुलनेसाठी जानेवारी २००८ चे सिडनी घ्या. भारताचा हरभजन आणि ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स यांच्यातल्या शब्दांवरून हरभजनवर तीन कसोटींची बंदी आली, अपील झाले, न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी ॲडलेडला साक्षी घेतल्या आणि कारणांसह लेखी निर्णय दिला. बंदी जाऊन सामन्याच्या मानधनाच्या निम्म्याचा दंड राहिला. तिथे सचिन तेंडुलकर, म्हणजे भागीदारीतला दुसरा फलंदाज, काय ऐकले ते सांगायला बोलावला गेला. १९८१ मध्ये ती जागा चौहानची होती. त्यांना तसे कोणी, प्रसंग ताजा असताना, साक्षीला बसवले नाही.

बापू नाडकर्णी १७ जानेवारी २०२० ला गेले, चेतन चौहान १६ ऑगस्ट २०२० ला. शिवीगाळीबद्दलची गावसकरांची सविस्तर साक्ष ऑस्ट्रेलियन वाहिनीवर आली ती त्यानंतरच्या हंगामात. तिला दुजोरा देऊ शकणारा किंवा खोडू शकणारा सर्वांत जवळचा माणूस तोवर राहिला नव्हता. उरते ती चित्रफीत, आणि तिच्यात गावसकर वळण्यापूर्वीचे ते दोन-तीन सेकंद. त्या वेळी ऑस्ट्रेलियन क्षेत्ररक्षकांपैकी कोणाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे मूळ अखंड चित्रीकरणावरून एकेक चौकट थांबवून पाहण्यासारखे आहे.