सर्पपेटी

सर्पपेटी : पाळीव साप ठेवण्यासाठी केलेली, झाकणाला कडी असलेली व उष्णता नियंत्रित करता येणारी पेटी. ती काचेची, लाकडी किंवा प्लास्टिकची असते. येथे तिचा पुण्यातील वापर विचारात घेतला आहे. साप अनियततापी असल्याने त्याचे पचन, कात टाकणे व रोगप्रतिकार सभोवतालच्या तापमानावर चालतात. अंडी उबवणारी अजगराची मादी हा ठळक अपवाद. ती स्नायूंच्या आकुंचनाने वेटोळ्यांचे तापमान वाढवते. या तापमानवाढीची पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातील मोजमापे १८४१ मध्ये नोंदली गेली.

पुण्यातील पूर्वपीठिका : नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले; डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांच्याच पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. ते आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. थंडीत तेथील सापांना दिव्यांची व हीटरची ऊब दिली जाते.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, धामण, मांडूळ, अजगर असे देशी साप पकडणे, बाळगणे वा विकणे गुन्हा आहे. या कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या सूचीतील विदेशी प्रजाती तिने चौथ्या अनुसूचीत घातल्या. बॉल पायथन हा पाळला जाणारा विदेशी अजगर त्यांत मोडतो. २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावरून करावी लागते. कॉर्न स्नेक हा पाळला जाणारा दुसरा विदेशी साप साइट्सच्या सूचीत नाही, म्हणून त्याला ही नोंदणी लागू होत नाही.

हवामान : पुण्यात हिवाळ्यात दुपारी ३० अंश से. च्या आसपास असलेला पारा पहाटे १० अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजी तो १.७ अंश होता. रानातला साप अशा वेळी बिळात वा दगडांच्या कपारीत खोल जातो. पेटीतल्या सापाला ती सोय नसते. एप्रिल-मे महिन्यांत अडचण उलटी होते : खोलीच ३५ अंशांवर गेली, तर पेटी थंड ठेवावी लागते.

उष्णतेची मांडणी : संपूर्ण पेटी सारखी तापवू नये. एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवले, की साप गरजेप्रमाणे जागा बदलतो. बॉल पायथनसाठी उबदार टोक ३१–३२ व थंड टोक २५–२७ अंश ठेवतात. कॉर्न स्नेकसाठी अनुक्रमे २९–३१ व २२–२५ अंश पुरतात. हीट पॅड तळाच्या साधारण एक-तृतीयांश भागाखाली, पेटीच्या बाहेरून लावतात.

थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही तापक वापरू नये. पोट भाजत असतानाही साप पुष्कळदा तापलेल्या जागेवरून हलत नाही. भाजल्याच्या जखमा मुख्यतः अनियंत्रित पॅडमुळे व तापणाऱ्या कृत्रिम दगडांमुळे होतात. हे दगड पूर्णपणे टाळावेत. थर्मोस्टॅटचा संवेदक उबदार टोकाला पक्का बसवावा, पण पेटीच्या आत चिकटपट्टी लावू नये. ती खवल्यांना चिकटते. दोन्ही टोकांना स्वतंत्र डिजिटल तापमापक हवेत. आत दिवा असल्यास त्याला जाळीचे आवरण घालावे. पॅड, दिवा व हीटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लादू नयेत.

पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद असते. थंडीत वीज गेल्यास झरोके मोकळे ठेवून पेटीवर घोंगडी टाकावी आणि गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवाव्यात.

स्थिरावणे : साप आणण्यापूर्वी रिकामी पेटी किमान एक दिवस-रात्र चालवून पहाटेचे तापमान पाहावे. तळाला साधा कागद, प्रत्येक टोकाला लपायला एकेक अरुंद जागा आणि न कलंडणारे पाण्याचे भांडे एवढे पुरे. पहिले ५–७ दिवस साप हाताळू नये व खायला देऊ नये. त्यानंतर गोठवून पूर्ण वितळवलेला, कोमट केलेला उंदीर चिमट्याने द्यावा. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नये. थंड पेटीत पचन अडते व साप भक्ष्य ओकतो. म्हणून नव्या सापाने खाणे नाकारले, तर आधी भक्ष्य न बदलता तापमान तपासावे. बॉल पायथन कित्येक आठवडे खात नाही. वजन टिकून असेल तर घाई करू नये. घरात इतर साप असल्यास नव्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवतात.

आजार : तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून फेस येणे, पोटावर डाग पडणे, अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक गाठावा.

प्रजनन : घरगुती पातळीवर टाळलेले बरे.

घरात वा आवारात शिरलेला देशी साप मात्र कोणत्याही पेटीत ठेवू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.