नवगावाहून नेगेवकडे

कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनारपट्टीवरील गावांत तेलाचे घाणे चालविणारा एक समाज शतकानुशतके नांदत होता. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवीत. आपल्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. तिचा काळ निश्चित सांगता येत नाही. परंतु सुंता, शनिवारचा विसावा, काही उपवास आणि एक 'शमा' प्रार्थना एवढ्या शिदोरीवर या लोकांनी आपला धर्म सांभाळला, हे खरे.

बाकी सर्व बाबतींत ते कोकणी झाले. नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. (जे गाव कधी पाहिले नाही त्याचे नाव आडनावात वागविणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या आपणांस निराळे सांगावयास नको.) १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे लष्कर, रेल्वे, टपाल व जकात खात्यांत ही मंडळी स्थिरावली. वल्हांडण सणाची पोथी त्यांनी मराठीत छापली आणि बायबलमधील आख्यानांवर मराठीतून कीर्तनेही केली.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले, तेव्हा भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. युरोपातील वा इराकमधील ज्यूंप्रमाणे त्यांच्यामागे कोणताही छळ लागलेला नव्हता. तरीही ते निघाले. धर्मभूमीची ओढ होती. ब्रिटिश अमदानीतील नोकऱ्यांचे भवितव्य संशयास्पद झाले होते. आणि एक भाऊ गेला की दुसऱ्याला राहवत नव्हते. छळामुळे निघालेला माणूस मागे वळून पाहत नाही. यांना मात्र मागे वळून पाहण्यासारखे पुष्कळ होते, आणि पुढील कटुतेचे मूळ मला यातच दिसते.

नव्या देशात तंबू व पत्र्यांच्या झोपड्यांच्या छावण्या, शिधावाटप आणि उजवीकडून डावीकडे लिहावयाची भाषा वाट पाहत होती. मुंबईत कचेरीत लेखणी चालविणाऱ्या गृहस्थांच्या हाती फावडे आले. बीरशेबा येथील काहींची तर अशी तक्रार होती की, तुमचा रंग काळा, म्हणून तुम्ही काळा पाव खा, असे आपणांस सांगण्यात येते. १९५१ साली, आम्हांला भारतात परत पाठवा, अशी मागणी करीत काही कुटुंबे तेल अवीव येथे धरणे धरून बसली. ही रीत त्यांनी कोठून नेली हे उघड आहे. १९५२ साली शंभरावर माणसांना विमानाने मुंबईस परत पोचविण्यात आले. नवल असे की, त्यांतील बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्राएलला जाण्यासाठी अर्ज केले. मुंबईत त्यांची घरे मोडली होती, नोकऱ्या गेल्या होत्या.

खरा घाव मात्र पुढे बसला, आणि तो भाकरीचा नव्हता. इस्राएलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अधीन आहेत. नोंदणी पद्धतीचा विवाह तेथे होत नाही. काही धर्मगुरूंनी बेने इस्राएल वधूवरांची लग्ने लावण्याचे नाकारले. त्यांची शंका शास्त्रीय होती. ज्यू शास्त्रानुसार घटस्फोटपत्र रीतसर दिले नसेल, तर त्या स्त्रीच्या दुसऱ्या विवाहाची संतती इतर ज्यूंशी विवाहास अपात्र ठरते. कोकणात तर यांना शेकडो वर्षे धर्मगुरूच नव्हता. मग ही पत्रे कोणी लिहिली? यावर समाजाचे उत्तर चोख होते. आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसे आणि विधवाही क्वचितच पुनर्विवाह करीत. मग दोष शिरावा कोठून? म्हणजे हिंदू शेजाऱ्यांपासून उचललेली चालच त्यांच्या ज्यू कुलशुद्धीचा पुरावा म्हणून पुढे आली!

ऑक्टोबर १९६१ मध्ये धर्मपीठाने विवाहास तत्त्वतः मान्यता दिली. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये सूचना निघाल्या की, बेने इस्राएल व्यक्तीच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. रोह्याच्या वा पेणच्या पणजीचा दाखला कोणी, कोठून आणावा? ज्यांनी घाणे बंद ठेवून शनिवार पाळला, त्यांना आता 'होदिम' म्हणजे हिंदुस्थानी म्हणत. आणि इस्राएलची लेकरे हे नावच चौकशीला पात्र ठरले होते. जुलै १९६४ मध्ये स्त्रीपुरुष मुलाबाळांसह जेरुसलेमला येऊन ज्यू एजन्सीच्या आवारात ठाण मांडून बसले. काहींनी उपोषण आरंभिले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेटने, म्हणजे तेथील लोकसभेने, बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतून या समाजाचे नाव काढले. चौकशीचा नियम मात्र, वंशाविषयी शंका येईल अशा कोणाहीसाठी, तसाच राहिला. नाव गेले एवढ्यावर समाधान मानणारे होते, न मानणारेही होते.

तोपर्यंत नेगेवच्या वाळवंटात १९५५ साली वसलेल्या दिमोना गावी पुष्कळ कुटुंबे स्थिरावली होती. बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला येथेही वस्ती वाढली. कापडगिरण्यांत कामे मिळाली आणि सुटीच्या दिवशी क्रिकेटचे सामने रंगू लागले. मुले हिब्रू बोलू लागली. १९८०च्या दशकात तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघाले. मुंबईत राहत असताना असे नाव देण्याची गरज कोणास वाटली नसती.

मलिदा मात्र सर्वांनी जपला आहे. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नबीचे स्तवन करावयाचे, हा विधी इतर ज्यूंना ठाऊक नाही. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर या प्रेषिताच्या रथाच्या चाकांची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. नेगेवमध्ये जन्मलेले नातू सुटीत भारतात येतात, तेव्हा मोटार करून तो खडक पाहावयास जातात.